अक्कांचा नकार

नुकत्याच तयार झालेल्या मालाला अक्कांनी कधी चांगलं म्हटलं नाही. यंत्राच्या तोंडातून काळी, गुळगुळीत पट्टी सळसळत बाहेर यायची. सरकत्या पट्ट्यावर काम करणारी माणसं खूश, साहेब खूश, मी खूश. अक्का मात्र चष्मा कपाळावर सरकवायच्या, पट्टी दोन बोटांत धरायच्या आणि म्हणायच्या, "ताजं रबर खोटं बोलतं. स्वल्प थांबा." मग तिचा तुकडा कापून गरम ओव्हनमध्ये टांगून ठेवायच्या. तुकडा बाहेर निघेपर्यंत त्यांच्या तोंडून होकार काढणं कोणाच्या बापाला जमलं नाही. त्यांच्या सख्ख्या भावालाही नाही, आणि कारखाना तर त्याचाच होता.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. बंगळूरजवळ होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. दारांच्या, खिडक्यांच्या, यंत्रांच्या झाकणांच्या कडेला हवापाणी आत येऊ नये म्हणून रबराची जी पट्टी बसवतात, ते सील आम्ही बनवत असू. मालक रघुनाथराव, आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. ते मोठ्या बहिणीला अक्का म्हणायचे, म्हणून त्या साऱ्या कारखान्याच्या अक्का झाल्या. रसायनशास्त्र शिकून, रबराचं शिक्षण घ्यायला एकट्या केरळात जाऊन आलेली ही बाई आमच्याकडे माल तपासायच्या कामाची प्रमुख होती. मल्लेश्वरमला भावंडांचं जुनं घर होतं. तिथे अक्का एकट्या राहायच्या. साहेब लग्नानंतर जयनगरला गेले होते. घराण्याला बंगळूरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की मूळ गाव कोणतं यावर या दोघांचंही एकमत नव्हतं.

मी निपाणीचा. मुलाखतीला गेलो तेव्हा साहेबांनी मला अक्कांकडे पाठवलं. त्यांनी माझ्या प्रमाणपत्रांकडे पाहिलंही नाही.

"कुठलं रे तू?"

"निपाणीचा."

"मग कन्नड येतं म्हण की. सरी, बरं. ही पट्टी ओढ."

मी ओढली. सोडल्यावर ती आखडून परत आली.

"सगळी परत आली?"

"आली."

"आज आली. इंजिनाजवळ वर्षभर तापली की आणखी आत जाणार. आखडत आखडत मापापेक्षा लहान होणार. तेव्हा काय करशील?"

मला उत्तर आलं नाही. "मला पण येत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर माणूस पाहिजे." त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव निपाणी ठेवलं, आणि साहेबांसकट सगळे मला त्याच नावाने हाक मारू लागले.

अडचण खरी होती. चकली पाडताना सोऱ्यातून पीठ बाहेर पडतं तसं गरम रबर साच्याच्या भोकातून बाहेर पडतं. पुढचा पट्टा ते ओढून नेतो, आणि ओढलेल्या अवस्थेतच ते पक्कं होतं. पुढे उष्णता लागली की हळूहळू आखडतं. घराच्या खिडकीला एवढ्याने काही बिघडत नाही. आम्ही मात्र त्या सुमारास बसगाड्यांच्या बॉडी बांधणाऱ्या एका मोठ्या कंपनीला सील देऊ लागलो होतो. तेव्हाच्या बसमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच असे, त्यावर मोठं झाकण. त्या झाकणाच्या चारी कडांना आमचं सील. इंजिनाची उष्णता आणि धूर केबिनमध्ये येऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम.

पहिला माल अक्कांनीच तपासून सोडला होता. ओव्हनमध्ये तो टिकला होता. पावसाळ्याच्या तोंडाला त्या कंपनीच्या माणसाने बोलता बोलता सांगितलं की तिरुपतीच्या मार्गावरचे काही ड्रायव्हर डोकं दुखण्याच्या तक्रारी करतात. "कामचुकार आहेत हो," तो हसत म्हणाला. साहेबही हसले. अक्का हसल्या नाहीत. तो माणूस गेल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"तिरुपतीची गाडी इथूनच जाते न्हवे? उद्या आपण बसायचं. ड्रायव्हरच्या बाजूला."

ड्रायव्हरचं नाव मुनियप्पा. अक्का स्वतः झाकणालगतच्या आसनावर बसल्या, मी त्यांच्या मागे. कोलार जाईपर्यंत सगळं ठीक होतं. अक्का त्याच्याशी कन्नडमध्ये मुलाबाळांच्या गप्पा मारत होत्या आणि अधूनमधून झाकणाच्या कडेवरून हात फिरवत होत्या. पुढे पाऊस लागला. प्रवाशांनी खिडक्या लावून घेतल्या. थोड्या वेळाने माझे डोळे चुरचुरायला लागले. तोंडाला एक कडवट चव आली.

"तलेनोवु इद्या?" अक्कांनी मुनियप्पाला विचारलं. डोकं दुखतंय का?

"दिनालू इद्दद्दे, अम्मा," तो म्हणाला. रोजचंच आहे. मग त्याचं बोलणं कमी झालं. अक्कांचंही झालं. त्या झाकणाकडे पाहीनाशा झाल्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागल्या.

मोगिली घाट उतरताना ते घडलं. समोर डावीकडे वळण होतं, रस्ता ओला होता, आणि मुनियप्पाचे हात स्टिअरिंगवर असूनही स्टिअरिंग वळत नव्हतं. त्याचे डोळे उघडे होते. गाडी सरळ कठड्याकडे निघाली. मला वाटलं तो आता वळवेल, आता वळवेल. अक्कांनी उठून त्याच्या खांद्यावर जोरात बुक्की मारली आणि एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मागची मुलं रडायला लागली.

"गाडी निल्लिसप्पा! निल्लिसु!"

तो दचकला. ब्रेकवर उभाच राहिला. गाडी घसरली, तिरकी झाली आणि पुढचं चाक कठड्याच्या अलीकडच्या चिखलात रुतून थांबलं. मग सगळे एकदम दाराकडे धावले.

मुनियप्पा रस्त्याकडेला बसून ओकत होता. लोक पावसात भिजत त्याला शिव्या देत होते. कोणी म्हणालं प्यायलाय. अक्का त्या गर्दीत शिरल्या, त्याच्या डोक्यावर आपली छत्री धरली आणि लोकांना म्हणाल्या, "याचा काही दोष नाही. याला काही बोलू नका." मग छत्री माझ्या हातात देऊन त्या एकट्याच गाडीत परत चढल्या. मी दारातून पाहिलं. झाकणाच्या कोपऱ्यात जिथे सीलची दोन टोकं एकमेकांना भिडायला हवीत, तिथे त्यांची दोन बोटं सहज आत जात होती. बोटं बाहेर काढून त्यांनी त्यावरची काजळी पदराला पुसली.

"निपाणी," त्या म्हणाल्या, "ही फट माझी."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये भावंडांचं भांडण झालं. दार बंद होतं, पण पत्र्याच्या शेडमध्ये काय लपतं?

"सायलेन्सरचा जोड फुटला होता त्या गाडीचा," साहेब म्हणत होते. "मी चौकशी केली. धूर तिथून आला. त्याला आपलं सील काय करणार?"

"जोड फुटला तर धूर आत येऊ नये म्हणूनच सील लावतात, रघू."

"मापात दिलेलं सील आहे. त्यांनी मान्य केलेलं आहे. तू मान्य केलेलं आहेस!"

"केलं. चुकले. आता करत नाही."

साहेब काही वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. या एका कंपनीच्या भरवशावर त्यांनी दुसरी पाळी सुरू केली होती, आसपासच्या खेड्यांतली माणसं कामावर घेतली होती. पुढचा माल तयार होऊन रॅकवर पडला होता. तो थांबवला तर ती कंपनी दुसरीकडे जाणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी अक्कांना सांगितलं की नवीन सील शोध, वाटेल तेवढा वेळ घे, पण हा माल जाऊ दे. अक्का म्हणाल्या, हा माल जाणार नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही कारखान्यात आलो तेव्हा रॅक रिकामे होते. रविवारी लॉरी भरून गेली होती.

अक्का त्या रिकाम्या रॅकसमोर जरा वेळ उभ्या राहिल्या. मग फाटकाबाहेर जाऊन त्यांनी ऑटो थांबवली. मी मागे धावलो. "तू येऊ नकोस, तुझी नोकरी आहे," त्या म्हणाल्या. मी आत बसलो. त्या कंपनीच्या आवारात गेल्यावर मात्र त्यांनी मला बाहेरच थांबायला लावलं. काचेतून मला फक्त दिसत होतं. त्यांच्या मुख्य इंजिनिअरसमोर अक्का उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून सीलचा तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि काहीतरी सांगितलं. तो इंजिनिअर आधी बसूनच ऐकत होता. मग तो उठून उभा राहिला. मग त्याने फोन उचलला.

आम्ही होसकोट्याला परत पोचायच्या आधीच साहेबांना सगळं कळलं होतं. ते फाटकापाशी उभे होते. मला वाटलं आता ओरडतील. ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या तोंडावर नाही म्हणालीस ते ठीक होतं, अक्का. मला न सांगता त्यांच्या दारात गेलीस." एवढं बोलून ते वळून आत गेले. अक्का काहीतरी बोलणार होत्या. पण त्या ऑटोवाल्याकडे वळल्या आणि मल्लेश्वरमला निघून गेल्या.

माल परत आला. दुसरी पाळी बंद झाली. ज्यांना घरी बसावं लागलं त्यांतले काही फाटकावर येऊन अक्कांच्या नावाने बोलून गेले, अक्कांना ऐकू जाईल असं. त्या मान खाली घालून ऐकायच्या. एकदा मी मधे पडायला गेलो तर म्हणाल्या, "बोलू दे. खोटं काय बोलतायत?"

त्यानंतरचे महिने मी जन्मात विसरणार नाही. भाऊ-बहीण एकाच शेडमध्ये काम करत होते आणि एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते. मधे मी.

"त्याला सांग, नवं रबर कमी आखडतंय, पण आखडतंयच."

"तिला सांग, मग आत लोखंडी पट्टी घाल."

"त्याला सांग, लोखंड कोपऱ्यात वळत नाही. वळवलं तर रबर फाडून बाहेर येतं."

दोघं एकमेकांपासून चार पावलांवर उभे असायचे, आणि मी टपालासारखा हा निरोप तिकडे, तो निरोप इकडे. पहिल्या पहिल्यांदा मला हसू यायचं. मग ते बंद झालं. दुपारी अक्का ओव्हनपाशी बसून डबा खायच्या, साहेब केबिनमध्ये. पूर्वी दोघं एका टेबलावर जेवायचे.

शेवटी अक्का काचेच्या तंतूंच्या दोऱ्यावर आल्या. हा दोरा बारीक, वळतो, पण ताणला जात नाही आणि आखडतही नाही. रबर बाहेर पडतानाच तो त्याच्या पोटातून जायला हवा, आणि रबराने त्याला घट्ट धरायला हवं. मग रबराने आखडायचं म्हटलं तरी दोरा त्याला आखडू देणार नाही. विचार सरळ होता. हातात मात्र काही येईना. पहिल्या खेपेला दोरा पट्टीतून शेवयीसारखा सुटून बाहेर आला. त्याला चिकटद्रव्यात बुडवून, सुकवून, गरम करून घातला, तेव्हा रबराने त्याला धरलं. पण आता तो मध्ये राहीना. साच्यात शिरल्यावर एका बाजूला सरकायचा, आणि पट्टी केळ्यासारखी वाकडी व्हायची. तोंडात गोळा होऊन रबर जळायचं, शेड धुराने भरायची, यंत्र थांबवून साचा उकलायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा. माणसं कंटाळली. अक्कांचे हात भाजून भाजून काळवंडले होते. एकदा त्या स्टुलावर बसल्या आणि कितीतरी वेळ उठल्याच नाहीत.

"निपाणी, जमलं नाही तर मी रघूचा कारखाना बुडवून गेले असं होईल रे," त्या म्हणाल्या. त्यांना घाबरलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं. घाटात त्या घाबरल्या नव्हत्या.

साहेब केबिनच्या दारातून हे पाहत होते. ते यंत्रांचे इंजिनिअर. पुढचे काही दिवस ते आल्या आल्या कोट काढून लेथवर उभे राहू लागले. काय करतायत ते कोणाला सांगितलं नाही. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि माझ्या तळहातावर पितळेसारखा चकचकीत एक लहानसा भाग ठेवला. मधून बारीक भोकं आरपार गेलेली.

"तिला दे. साच्याच्या तोंडात बसेल. सांग, दोरा मध्येच राहील."

अक्कांनी तो भाग उजेडात धरून भोकांतून पाहिलं. साचा उकलून त्यांनी तो स्वतःच्या हाताने बसवला. यंत्र सुरू झालं. पट्टी बाहेर आली, आणखी आली, पट्ट्यावरून शेवटापर्यंत गेली. सरळ. अक्कांनी तुकडा कापला. कापलेल्या तोंडावर दोऱ्याचे पांढरे ठिपके बरोब्बर जिथे हवेत तिथे होते.

"त्याला सांग..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग तुकडा हातात घेऊन, चष्मा कपाळावर तसाच ठेवून, त्या केबिनकडे चालत गेल्या आणि दार लोटून आत गेल्या. या खेपेला मात्र शेडमध्ये काहीसुद्धा ऐकू आलं नाही.

होकार त्यांनी त्या दिवशीही दिला नाही. ओव्हन झाला, मग मुनियप्पाची गाडी. अख्खा उन्हाळा ते सील तिरुपतीला जाऊन येत होतं. तो परत आला की अक्का झाकणाच्या कोपऱ्यात बोट लावून बघायच्या, आणि बोट आत जायचं नाही. मुनियप्पा म्हणायचा, "तलेनोवु इल्ला, अम्मा." डोकं दुखत नाही. उन्हाळा संपल्यावर त्यांनी होकार दिला. रस्त्यावर असलेल्या सगळ्या गाड्यांची जुनी सीलं आम्ही डेपोडेपोत जाऊन बदलली. ती मोठी कंपनी मात्र पूर्वीएवढं काम घेऊन परत आली नाही. लहान लहान बॉडी बांधणारे आले, त्यांच्यावर कारखाना हळूहळू सावरला.

सगळं मार्गी लागल्यावर, मला वाटलं आता अक्का सुखाने बसतील. त्यांनी काम सोडलं. कारण विचारायला मी मल्लेश्वरमला गेलो. त्या मोगऱ्याचं आळं करत होत्या.

"त्याच्या मालाला नाही म्हणायचं काम बहिणीने करू नये रे," त्या म्हणाल्या. "दर वेळी त्याला वाटतं, बहीण नाही म्हणाली. तू म्हण. तू परका आहेस." आणि जरा थांबून, "आता रविवारी येतो तो. जेवतो. झोपतो पण स्वल्प. तेवढं पुरे मला."

अशा रीतीने त्यांच्या खुर्चीत मी बसलो. वर्षभर काही विशेष झालं नाही. मग एकदा दोऱ्यावरचं चिकटद्रव्य खराब निघालं. ओव्हनमधून काढलेल्या तुकड्यातून दोरा माझ्या चिमटीत सुटून आला. बाहेर लॉरी उभी, गिऱ्हाईकाचा माणूस उभा. मी साहेबांना नाही म्हणालो. त्यांचा चेहरा लाल झाला. "अक्काने शिकवून ठेवलंय तुला," ते म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. दार आपटलं. पण लॉरी रिकामी परत गेली.

मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. जेवणाच्या सुट्टीत मी अक्कांना फोन लावला आणि सगळं सविस्तर सांगितलं. दोरा कसा सुटला, मी काय म्हणालो, लॉरी कशी गेली. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "रघू जेवला?"

मी काचेतून पाहिलं. साहेब टेबलावर कोपरं टेकून बसले होते. डबा बाजूला तसाच बंद होता.

"नाही जेवले, अक्का."

"मग फोन ठेव. तुझा डबा घेऊन त्याच्यासमोर जाऊन बस. नाही म्हटल्यावर उठून जायचं नसतं रे. मी गेले होते."

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. रबराचं त्यांनी मला जे शिकवलं त्यातलं पुष्कळ आता जुनं झालंय. पण त्या दुपारी मी माझा डबा घेतला, केबिनचं दार उघडलं आणि न विचारता साहेबांच्या समोरच्या खुर्चीवर बसलो. त्यांनी वर पाहिलं नाही. मी भाकरी मोडली आणि खायला लागलो. बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःच्या डब्याचं झाकण काढलं, आत पाहिलं, आणि लिंबाच्या लोणच्याची वाटी मधोमध सरकवून ठेवली.